आइस्क्रीमचे माप : लिटर आणि किलो

बाजारातील देवघेवीत पदार्थ मोजण्याच्या दोन रीती फार पूर्वीपासून चालत आल्या आहेत. एक तराजूची व दुसरी मापाची. तराजू वस्तू किती जड आहे ते सांगतो; माप तिने किती जागा व्यापली आहे ते सांगते. आपल्या देशात या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. महाराष्ट्रात धान्य पायलीने व अधोलीने मापले जाई, तामिळनाडूत पडीने, केरळात परा व नाळी या मापांनी. सोने, गूळ, तूप यांसाठी मात्र तराजूच लागे. 'शेर' या एकाच नावाचे मापही होते आणि वजनही होते. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेराचे वजन मात्र त्यात काय भरले आहे यावर अवलंबून असे. त्याच मापात ज्वारी भरली तर एक वजन येई आणि ज्वारीच्या लाह्या भरल्या तर त्याच्या कितीतरी कमी. शिवाय माप शिगोशीग भरायचे की सपाट, हा वाद होताच.

१९५६ च्या वजनमापविषयक कायद्याने आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या दशमान पद्धतीने हा गोंधळ पुष्कळसा मिटवला. धान्य किलोने विकले जाऊ लागले, दूध लिटरने. परंतु काही पदार्थ असे आहेत की ते या सरळ विभागणीत नीट बसत नाहीत. आइस्क्रीम हा त्यांतील सर्वांत ठळक पदार्थ होय. ते घन असते, चमच्याने कापून खावे लागते. तरीही ते बहुतेक लिटरने व मिलिलिटरने विकले जाते. त्याच्या डब्यावरील पोषणमूल्यांचा तक्ता मात्र अनेकदा १०० ग्रॅमच्या हिशेबाने छापलेला असतो. अशा वेळी अर्धा लिटर आइस्क्रीम म्हणजे किती ग्रॅम, हा प्रश्न केवळ शाळेतील गणिताचा राहत नाही. आपण पैसे कशाचे देतो आणि आपल्या पोटात किती अन्न जाते, या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर ठरतात.

हवा हाही एक घटक

पाण्याच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते. एक लिटर दुधाचे वजन सुमारे १,०३० ग्रॅम भरते. खाद्यतेल हलके असते. एक लिटर तेल साधारणपणे ९१० ग्रॅम. हे आकडे थोडेफार बदलत असले, तरी फार बदलत नाहीत. एकदा लक्षात ठेवले की काम भागते.

आइस्क्रीमचा असा एकच आकडा सांगता येत नाही. एक लिटर आइस्क्रीमचे वजन ५०० ग्रॅमच्या आसपास असू शकते, तसेच ते ९०० ग्रॅमही असू शकते. याचे कारण म्हणजे त्यात मिसळलेली हवा. दूध, साय, साखर, दुधाची भुकटी यांचे मिश्रण गोठत असताना ते सतत घुसळले जाते. या घुसळण्याने हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे मिश्रणात शिरतात. स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती आधार धरतात, पाण्याचे बारीक स्फटिक बनतात, आणि उरलेला साखरेचा दाट पाक या सर्वांना सांधून ठेवतो. ज्वारीची लाही होते तेव्हा दाणा तोच राहतो, पण जागा कितीतरी अधिक व्यापतो. आइस्क्रीमचेही तसेच आहे. गोठलेल्या मिश्रणाची ती एक प्रकारची लाहीच म्हणावी लागेल.

ही हवा म्हणजे लबाडी, असे मात्र समजू नये. हवेवाचून गोठलेले मिश्रण दगडासारखे कठीण होईल. चमचा त्यात शिरणार नाही आणि जिभेला ते असह्य गार लागेल. आपली कुलफी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दूध आटवून, साच्यात भरून, न घुसळता ती गोठवली जाते. तिच्यात हवा जवळजवळ नसते. म्हणून ती घट्ट असते, सावकाश वितळते आणि तिचा लहानसा तुकडाही हाताला जड लागतो. सारख्याच आकाराची कुलफी आणि आइस्क्रीम तराजूच्या दोन पारड्यांत ठेवली, तर कुलफीचे पारडे खाली जाते.

किती हवा घालावयाची हे पूर्वी मनुष्याच्या हातात फारसे नव्हते. १८४३ साली अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या महिलेला हाताने फिरवायच्या आइस्क्रीमयंत्राचे एकस्व मिळाले. बर्फ आणि मीठ भरलेल्या बादलीत धातूचे भांडे आणि त्यात फिरणारी पाती, असे हे साधे यंत्र होते. आपल्याकडील पॉट आइस्क्रीम याच तत्त्वावर बनते. हात फिरेल तितकीच हवा आत शिरते, आणि ती बेताचीच असते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अखंड चालणारे गोठणयंत्र प्रचारात येऊ लागले. त्यात मिश्रणाबरोबर हवाही दाबाखाली पंपाने सोडली जाते. तेव्हापासून हवेचे प्रमाण कारखानदाराला हवे तसे ठरवता येऊ लागले, आणि तेव्हापासूनच लिटर आणि किलो यांचा संबंध हा ग्राहकाच्या हिताचा प्रश्न बनला.

फुगवटा

मिश्रण गोठताना त्याच्या आकारमानात जी वाढ होते तिला या धंद्यात 'ओव्हररन' असे म्हणतात. आपण तिला 'फुगवटा' म्हणू. तो शेकड्यात सांगतात. एक लिटर मिश्रणापासून दोन लिटर आइस्क्रीम तयार झाले, तर एक लिटरची वाढ झाली. म्हणजे फुगवटा १०० टक्के. एक लिटरचे दीड लिटर झाले, तर फुगवटा ५० टक्के.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. १०० टक्के फुगवटा म्हणजे डब्यात सगळी हवाच, असे नव्हे. दोन लिटरांपैकी एक लिटर हवा, म्हणजे डब्याचा निम्मा भाग हवा. ५० टक्के फुगवट्यात हवेचा वाटा एकतृतीयांश असतो. फुगवटा मूळ मिश्रणाशी तुलना करून काढतात, तयार आइस्क्रीमशी नव्हे. सूक्ष्मपणे पाहिले तर या वाढीतील थोडा भाग हवेमुळे नसून पाण्याचा बर्फ होताना ते प्रसरण पावते त्यामुळे असतो. परंतु तो इतका अल्प आहे की व्यवहारात तो वेगळा काढण्याचे कारण पडत नाही.

फुगवटा वजनावरूनही काढता येतो. एकाच आकाराचे भांडे प्रथम मिश्रणाने व नंतर आइस्क्रीमने भरून तोलावे. दोन्ही वजनांतील फरकाला आइस्क्रीमच्या वजनाने भागून १०० ने गुणले की फुगवट्याचा शेकडा मिळतो. भांड्यात ११० ग्रॅम मिश्रण मावले आणि ५५ ग्रॅम आइस्क्रीम मावले, तर फरक ५५. त्याला ५५ ने भागले की १, म्हणजे १०० टक्के.

मिश्रणाची घनता

हिशेबाला आता एकच गोष्ट उणी आहे : हवा शिरण्यापूर्वी मिश्रणाचे वजन किती असते? हे मिश्रणातील घटकांवरून काढता येते. दुधातील स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो. त्याची घनता सुमारे ०·९३ धरतात. साखर आणि दुधातील इतर घन पदार्थ विरघळलेल्या स्थितीत पाण्यापेक्षा जड असतात; त्यांची घनता सुमारे १·५८ धरतात.

उदाहरणादाखल १०० ग्रॅम मिश्रण घेऊ. त्यात १० ग्रॅम स्निग्धांश, ११ ग्रॅम दुधातील इतर घन पदार्थ, १५ ग्रॅम साखर, अर्धा ग्रॅम घट्टपणा आणणारा पदार्थ आणि उरलेले ६३·५ ग्रॅम पाणी आहे. १० ला ०·९३ ने भागले की १०·७५ मिलिलिटर येतात. साखर वगैरे मिळून २६·५ ग्रॅम. त्यांना १·५८ ने भागले की १६·७७ मिलिलिटर. पाणी ६३·५ मिलिलिटर. बेरीज सुमारे ९१ मिलिलिटर. म्हणजे १०० ग्रॅम मिश्रणाने ९१ मिलिलिटर जागा व्यापली. त्याची घनता १·१० झाली, आणि एक लिटर मिश्रणाचे वजन १,१०० ग्रॅम झाले. मिश्रणाची कृती थोडी बदलली तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून साध्या हिशेबासाठी १,१०० ग्रॅम हा आकडा पायाभूत धरण्यास हरकत नाही.

लिटरचे ग्रॅम, ग्रॅमचे लिटर

आता नियम मांडता येतो. एक लिटर मिश्रणाच्या वजनाला, एक अधिक फुगवट्याचा अपूर्णांक, या संख्येने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एक लिटर आइस्क्रीमचे वजन. फुगवटा ५० टक्के असल्यास १,१०० ला १·५ ने भागावयाचे, १०० टक्के असल्यास २ ने. त्यावरून पुढील आकडे मिळतात :

फुगवटा २५ टक्के – एक लिटरचे वजन ८८० ग्रॅम
फुगवटा ५० टक्के – ७३३ ग्रॅम
फुगवटा ७५ टक्के – ६२९ ग्रॅम
फुगवटा १०० टक्के – ५५० ग्रॅम
फुगवटा ११० टक्के – ५२४ ग्रॅम

उलट दिशेने जायचे असेल तर १,००० ला या आकड्याने भागावे. ५५० ग्रॅमच्या प्रतीचे एक किलो आइस्क्रीम हवे असेल, तर ते १·८२ लिटर भरेल. ७३३ ग्रॅमच्या प्रतीचे एक किलो १·३६ लिटरमध्येच मावेल.

घरच्या घरी पडताळा

फुगवट्याचा आकडा डब्यावर सहसा छापलेला नसतो. परंतु स्वयंपाकघरातील लहान काट्यावर तो कोणालाही काढता येईल. भरलेला डबा तोलावा. आइस्क्रीमची पातळी डब्याच्या आत कोठवर आहे तेथे खूण करावी. आइस्क्रीम संपल्यावर डबा धुऊन, कोरडा करून तोलावा. मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा तोलावा. समजा, भरलेला डबा ५९८ ग्रॅम, रिकामा ३८ ग्रॅम आणि पाण्यासह १,०३८ ग्रॅम भरला. पाणी १,००० ग्रॅम, म्हणून जागा एक लिटर; आइस्क्रीम ५६० ग्रॅम. १,१०० व ५६० यांतील फरक ५४०. त्याला ५६० ने भागले की फुगवटा सुमारे ९६ टक्के येतो.

याहून सोपा, पण ढोबळ पडताळा म्हणजे आइस्क्रीम वितळू देणे. वितळलेले आइस्क्रीम हलक्या हाताने ढवळून फेस बसू दिला की हवा बरीचशी निघून जाते. ५५० ग्रॅम वजनाचे एक लिटर आइस्क्रीम वितळल्यावर सुमारे अर्धा लिटर उरते. वितळून पुन्हा गोठवलेले आइस्क्रीम पूर्वीसारखे का लागत नाही, आणि डब्यात ते निम्म्यावर का येते, याचेही उत्तर यात आहे. वजन कमी झालेले नसते. बाहेर पडलेली असते ती हवा.

कायद्याने घातलेली मर्यादा

हवा फुकट मिळते, आणि दूध व साखर यांना पैसे पडतात. तेव्हा लिटरने विकल्या जाणाऱ्या पदार्थात हवा अधिकाधिक भरण्याचा मोह होणे साहजिक आहे. म्हणूनच काही देशांच्या कायद्यांत आइस्क्रीमच्या स्निग्धांशाबरोबर त्याच्या वजनाचीही किमान मर्यादा ठरवलेली आढळते.

भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली २०११ साली जे नियम करण्यात आले, त्यांत आइस्क्रीमचे वजन दर लिटरला ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नसावे असे सांगितले आहे. त्याचबरोबर एकूण घन पदार्थ किमान ३६ टक्के, दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के व दुधातील प्रथिने किमान ३·५ टक्के असावीत, अशी अट आहे. मध्यम व कमी स्निग्धांशाच्या आइस्क्रीमसाठी वजनाची मर्यादा दर लिटरला ४७५ ग्रॅम अशी खाली आणलेली आहे.

या अटी एकमेकींपासून वेगळ्या काढून वाचल्या तर त्यांचा अर्थ नीट कळत नाही. केवळ १० टक्के स्निग्धांशाची अट ठेवली असती, तर कारखानदाराने मिश्रण उत्तम बनवून त्यात वाटेल तितकी हवा भरली असती; शेकडेवारी वजनावर काढली जात असल्याने ती बिघडली नसती. केवळ वजनाची अट ठेवली असती, तर पाणी वाढवून वजन भरता आले असते. दोन्ही अटी एकत्र आल्या म्हणजे एक लिटरमध्ये किमान किती खरे अन्न असेल ते निश्चित होते : ५२५ ग्रॅमचे ३६ टक्के म्हणजे १८९ ग्रॅम घन पदार्थ, आणि त्यात ५२·५ ग्रॅम दुधाचा स्निग्धांश.

अमेरिकेतील संघराज्याचा नियम हीच गोष्ट अधिक उघडपणे सांगतो. तेथे एक गॅलन आइस्क्रीमचे वजन किमान ४·५ पौंड आणि त्यातील एकूण घन पदार्थ किमान १·६ पौंड असावे लागतात. अमेरिकी गॅलन सुमारे ३·७८५ लिटरचा असतो. त्यावरून हिशेब केल्यास दर लिटरला सुमारे ५३९ ग्रॅम वजन व १९२ ग्रॅम घन पदार्थ येतात. दोन देशांच्या मर्यादा एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे माप बदलून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

भारतीय मर्यादेवर असलेल्या आइस्क्रीममध्ये हवा किती असते? मिश्रणाचे वजन १,१०० ग्रॅम धरले तर फुगवटा सुमारे ११० टक्के येतो. म्हणजे डब्याचा निम्म्याहून किंचित अधिक भाग हवेचा असतो. कायद्याला ते मान्य आहे. ग्राहकाला ते ठाऊक असावे, इतकेच.

किंमत आणि वाढणी

या ज्ञानाचा पहिला उपयोग किमतींची तुलना करताना होतो. समजा, एका दुकानात दोन डबे आहेत. पहिला एक लिटरचा, २५० रुपयांचा. त्यातील आइस्क्रीमचे वजन ५४० ग्रॅम. दुसरा ७०० मिलिलिटरचा, २८० रुपयांचा. वजन ५२० ग्रॅम. लिटरच्या हिशेबाने पहिला २५० रुपये लिटर व दुसरा ४०० रुपये लिटर पडतो; म्हणजे दुसरा दीडपटीहून महाग दिसतो. वजनाच्या हिशेबाने पहिला १०० ग्रॅमला सुमारे ४६ रुपये आणि दुसरा सुमारे ५४ रुपये पडतो. महागाई राहिलीच, पण ६० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आली. दुसरा डबा घ्यावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्यापूर्वी दोन्ही आकडे समोर असावेत.

दुसरा उपयोग आहाराच्या पथ्यात होतो. डब्यावर १०० ग्रॅमला २०० किलोकॅलरी असे छापलेले आहे असे समजू. १०० मिलिलिटरचा कप खाणारा मनुष्य १०० ग्रॅम खात नसतो. आइस्क्रीम ५५० ग्रॅमच्या प्रतीचे असेल तर तो ५५ ग्रॅम खातो, म्हणजे ११० किलोकॅलरी. ७३३ ग्रॅमच्या प्रतीचे असेल तर ७३ ग्रॅम, म्हणजे सुमारे १४७ किलोकॅलरी. मधुमेही मनुष्याने साखरेचा हिशेब करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कप तोच, चव तीच, पण साखर एकतृतीयांशाने अधिक.

तिसरा उपयोग मोठ्या पंक्तीचा. कार्यालयात लग्नाच्या जेवणासाठी चार लिटरचे डबे मागवतात. तीनशे पाहुणे आहेत, गोळा काढण्याचा चमचा ६० मिलिलिटरचा आहे. तीनशे गुणिले साठ म्हणजे १८ लिटर, म्हणून पाच डबे पुरतील, असा हिशेब यजमान करतो. हा हिशेब हमखास चुकतो. चमच्याने खरवडताना आइस्क्रीम दाबले जाते, त्यातील हवा काही अंशी निसटते, आणि चमचा सपाट न भरता शिगोशीग भरला जातो. समजा, असा एक गोळा तोलल्यावर ५० ग्रॅम भरला. आइस्क्रीम ५५० ग्रॅमच्या प्रतीचे असेल तर पाच डब्यांत, म्हणजे वीस लिटरमध्ये, ११ किलो माल आहे. त्यातून २२० गोळे निघतील. ऐंशी पाहुणे रिकाम्या वाटीने उठतील. वजनाने हिशेब केला असता तर तीनशे गुणिले ५० म्हणजे १५ किलो, त्याचे सुमारे २७·३ लिटर, म्हणजे सात डबे, असे उत्तर आधीच मिळाले असते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

येथे दिलेले आकडे साध्या आइस्क्रीमचे आहेत. त्यात काजू, बदाम, सुका मेवा, फळांचे तुकडे किंवा चॉकलेट घातले असेल, तर हे पदार्थ फुगत नाहीत. त्यांच्यामुळे वजन वाढते, आणि हवा आहे त्याहून कमी असल्याचा भास होतो. आइस्क्रीम वाटेत अर्धवट वितळून पुन्हा गोठले असेल, तर ते आक्रसते. डबा वरून रिकामा दिसला तरी वजनात कमी असेलच असे नाही. याउलट, डबा सखल प्रदेशातून उंच घाटमाथ्यावर नेला तर बाहेरील हवेचा दाब कमी झाल्याने आतील बुडबुडे प्रसरण पावतात आणि झाकण वर उचलले जाऊ शकते. वजन तेच असते.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र दिसून येईल. उष्णता, दाब, घुसळणे, दाबून भरणे यांमुळे आकारमान बदलते. वजन बदलत नाही. हीच अडचण खाद्यतेलाच्या बाबतीतही असते, कारण तापमानाबरोबर तेलाचे आकारमान कमीअधिक होते. म्हणून २०२२ साली केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल उत्पादकांना तापमानाचा उल्लेख न करता आकारमानाबरोबर वजनही वेष्टनावर नमूद करण्यास सांगितले. आइस्क्रीमच्या काही डब्यांवरही मिलिलिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे छापलेले आढळतात. जेथे दोन्ही असतील तेथे ग्रॅमच्या आकड्याला मिलिलिटरच्या आकड्याने भागावे. उत्तर ०·५२५ च्या जवळ आले, तर निम्म्याहून थोडी अधिक हवा आहे असे समजावे. ०·७ च्या पुढे गेले, तर आइस्क्रीम दाट आहे. जेथे मिलिलिटरचाच आकडा असेल तेथे घरचा काटा हाताशी आहेच.

ज्वारी आणि लाह्या एकाच पायलीने मापून एकाच भावाने विकणारा व्यापारी पूर्वी कोणी चालवून घेतला नसता, कारण पायलीत काय भरले आहे ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत असे. आइस्क्रीममधील हवा डोळ्यांना दिसत नाही. ती दाखवण्याचे काम तराजूलाच करावे लागते.